घराबाहेर न पडू शकणारे वृद्ध आणि आपले कर्तव्य
(वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपणांपुढे जो विषय मी मांडणार आहे, तो सभांच्या ठरावांत सहसा येत नाही आणि मोर्चाच्या फलकांवरही आढळत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत असे काही वृद्ध स्त्री-पुरुष आहेत की ज्यांचे पाय थकले आहेत, दृष्टी मंदावली आहे, कानांनी साथ सोडली आहे, आणि त्यामुळे ज्यांना घराचा उंबरठा ओलांडणे अशक्य झाले आहे. त्यांपैकी काही अगदी एकटे राहतात. काही भरल्या घरात राहतात. परंतु सकाळी मंडळी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी दोन शब्द बोलणारे कोणी नसते. अशा माणसांच्या घरी नियमाने जाणे, त्यांची विचारपूस करणे आणि त्यांचे हक्क त्यांच्या दारापर्यंत पोहोचविणे, हे आपल्या संघटित जीवनाचे अंग झाले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही माणसे कोण?

ही माणसे कोण आहेत हे प्रथम ध्यानी घ्या. दुसऱ्याच्या शेतात, रेल्वेच्या रुळांवर, विडीच्या कारखान्यात, इमारतींच्या बांधकामावर ज्यांनी आपले आयुष्य झिजविले ती ही माणसे. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणी कामगारांच्या हातचे काम गेले, त्यांपैकी जे हयात आहेत ते आज वार्धक्याने वाकले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा आईबापांचे बोट धरून जी दहा वर्षांची मुले तेथे आली होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी दीक्षा होऊन वर्ष-दोन वर्षेच झाली असतील. तुमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांनी तो सोहळा पाहिला नसेल. पण ज्या कष्टांतून तुम्ही वर आलात, ते कष्ट त्यांनीच उपसले आहेत.

बाबासाहेबांनी शिकण्याचा संदेश दिला. या माणसांनी तो शब्दशः पाळला. स्वतः अर्धपोटी राहून त्यांनी मुलांच्या हाती पाटी दिली. मुले शिकली, नोकरीस लागली आणि पुण्या-मुंबईस अथवा त्याहूनही दूर गेली. यात मुलांचा दोष नाही. गावाच्या शिवेबाहेर खितपत पडण्यापेक्षा शहर जवळ करणे योग्यच होते. तथापि या प्रगतीचा खर्च कोणी दिला, याचा हिशेब कधीतरी मांडावा लागेल. तो खर्च गावातील वस्तीत, बंद दाराआड, बाजेवर बसून असलेली आई आज देत आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षे व त्यांवरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. ती त्यानंतर वाढतच गेली आहे. सरकारी नोकरास निवृत्तिवेतन मिळते. मोलमजुरी करणाऱ्याच्या म्हातारपणी त्याच्या गाठीस काय असते? आपल्या समाजातील बहुसंख्य वृद्ध या दुसऱ्या वर्गातील आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी अधिक तीव्र आहे.

“मी कोणाच्या उपयोगी पडत नाही”

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्यांनी तो घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोण करतो, असे त्यांनी विचारले. कोणीही करीत नाही, असे उत्तर मिळाले. का करीत नाहीत, असे विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

या उत्तरापाशी क्षणभर थांबा. आपली उपेक्षा झाली याबद्दल तो आजारी मनुष्य तक्रार करीत नाही. ती योग्यच आहे असे त्याने मनाशी ठरवून टाकले आहे. जो उपयोगी नाही त्याला सेवेचा अधिकार नाही, हा व्यवहार त्याने मुकाट्याने मान्य केला आहे. आपल्या घरातील म्हातारी माणसे याहून वेगळे काय बोलतात? “माझ्यापायी खर्च कशाला”, “माझे आता काय राहिले आहे”, “तुम्ही आपले बघा” ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि तो त्यांचा समंजसपणा समजून सोडून देतो. वस्तुतः ते त्या भिक्खूचेच उत्तर होय.

तथागतांनी काय केले? आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्या भिक्खूचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेविले. त्यानंतर त्यांनी भिक्खुसंघ एकत्र बोलाविला आणि सांगितले की, येथे तुमची काळजी घेण्यास तुमचे मातापिता नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर ती कोण घेणार? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

या कथेत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली ही की, माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली. मग अंगातील बळावरून त्याची किंमत ठरविणारा व्यवहार आपल्याच घरात चालू ठेवणे आपणांस शोभेल काय? दुसरी ही की, तथागतांनी स्वतः सेवा करून झाल्यावर ते काम एकट्याच्या भूतदयेवर सोडले नाही. ते साऱ्या संघाचे कर्तव्य म्हणून घालून दिले. एखाद्या दयाळू शेजारणीने मनात आले तेव्हा वाटीभर कालवण नेऊन देणे चांगलेच आहे. पण ती शेजारीण आजारी पडली, माहेरी गेली, की ते बंद होते. जे काम सर्वांचे म्हणून ठरते आणि ज्याला दिवस व वेळ नेमून दिलेली असते, तेच टिकते.

एकाकीपणा अंगावर कसा येतो?

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना अन्न, वस्त्र आणि औषध मिळाले म्हणजे झाले. बोलणे-चालणे ही चैन आहे. हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि दरवर्षी ८ लक्ष ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. हृदयविकार, पक्षाघात, खिन्नता आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका एकाकी माणसास अधिक असतो.

हे कसे घडते ते समजण्यास डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही. एकट्या माणसाला स्वतःपुरती चूल पेटविण्याचा उत्साह राहत नाही. तो चहा आणि पाव यांवर दिवस काढतो. आठवण देणारे कोणी नसल्यामुळे रक्तदाबाची गोळी चुकते. शौचास जाताना कोणाचा आधार नाही, म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात आणि त्यातून मूत्रविकार व बद्धकोष्ठ मागे लागतात. एकदा मोरीत पाय घसरला की पुन्हा पडण्याच्या भयाने ती बाजेवरच बसून राहतात. बसून राहिल्याने पायांतील उरलेले बळ जाते आणि बळ गेल्याने ती खरोखरच पडतात. बोलण्यास कोणी नाही, म्हणून कानांचा दोष महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून घरची माणसे बोलणे कमी करतात, आणि एक दिवस आपण म्हणतो की म्हातारीला आता काही समजत नाही. तिला समजत असते. तिच्यापर्यंत ते पोहोचत नसते.

नवदीक्षित घरातील एक अडचण

आता नवदीक्षित कुटुंबांना मला एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. ती थोडी नाजूक आहे, पण टाळता येण्यासारखी नाही.

घरातील तरुण मंडळींनी विचारपूर्वक दीक्षा घेतलेली असते. म्हातारी आजीही सर्वांबरोबर हात जोडून उभी राहिलेली असते. देव्हारा निघतो, उपासतापास सुटतात, आणि ते सुटलेच पाहिजेत. पण त्यांच्याबरोबर आणखी काही सुटते, इकडे आपले लक्ष नसते. आजीच्या ओळखीच्या बायका त्या सणावारांना तिला भेटत होत्या. कुठल्या तिथीस कोणाच्या घरी जावयाचे, कोणत्या जत्रेस कोणाबरोबर बसावयाचे, यांवर तिच्या वर्षाची आखणी होती. ती आखणी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. तरुणांना विहार आहे, मंडळ आहे, जयंतीची तयारी आहे. तिला विहारापर्यंत चालवत नाही. वंदना ती चुकत चुकत म्हणते, तेव्हा नातवंडे हसतात. मग ती गप्प राहू लागते. तिच्या मौनाचा अर्थ आपण “तिला धम्म पटला नाही” असा लावतो. तिला केवळ सोबत राहिलेली नसते, असे बहुधा असते.

अशा वेळी तिच्यावर रागावू नका आणि तिला उपदेशही करू नका. जुन्या आखणीच्या जागी तिला नवी आखणी द्या. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. आठवड्यातील एक दिवस तेच वाचन तिच्या बाजेपाशी होऊ द्या. तिच्या वयाच्या दोघीतिघींना हात धरून तेथे आणा. वाचन अर्ध्या तासाचे असावे आणि नंतरचा अर्धा तास तिने बोलावे. दुष्काळात तिने काय खाल्ले, पाण्यासाठी कोठे उभे राहावे लागले, मुलीला शाळेत घालताना कोण काय म्हणाले, हे सारे तिला विचारा आणि नातवाला वहीत लिहून घेण्यास सांगा. आपल्या समाजाचा इतिहास पुष्कळसा अशाच माणसांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबर तो जाणार आहे. जिला आपण निरुपयोगी समजत होतो, तिच्यावाचून हे काम होऊ शकत नाही, हे तिला त्या दिवशी कळेल.

संयुत्तनिकायात नकुलपिता नावाच्या वृद्ध उपासकाचा प्रसंग आहे. तो जराजर्जर व व्याधिग्रस्त होता आणि आपणांस आता वारंवार दर्शनास येणे होत नाही, असे त्याने तथागतांना सांगितले. शरीर आतुर झाले तरी चित्त आतुर होणार नाही असा अभ्यास कर, असे त्यांनी त्याला समजाविले. तो मनुष्य उठून गेला तेव्हा त्याचा चेहरा प्रसन्न झाला होता, असे तेथे वर्णिले आहे. त्याचे म्हातारपण गेले नव्हते. त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले होते आणि त्याला उत्तर दिले होते.

केरळात काय घडले?

हे सारे बोलण्यास ठीक, पण गरीब वस्तीत ते चालेल कसे, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर आपल्याच देशात मिळते. केरळातील कोळिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी वेदनाशमनाचे काम सुरू झाले. जे अंथरुणास खिळले आहेत ते दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत, आणि ज्यांच्या घरी डॉक्टर पोहोचला त्यांनाही गोळीइतकीच माणसांची गरज आहे, हे त्यांच्या अनुभवास आले. तेव्हा त्यांनी हे काम गावकऱ्यांच्या हाती देण्याचे ठरविले. २००० सालानंतर मलप्पुरम जिल्ह्यात व आसपास शेजाऱ्यांची पथके उभी राहिली. आठवड्यास किमान दोन तास देण्यास तयार असलेल्या स्त्री-पुरुषांना सोळा तासांचे शिक्षण देण्यात आले आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली चार वेळा रोग्यांच्या घरी नेण्यात आले. खर्चाचा मोठा भाग गावातील लहान लहान वर्गण्यांतून उभा राहिला. परिचारिका व डॉक्टर त्यांच्या पाठीशी होते. पण कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोणाचे मूल शाळेतून काढले आहे, हे शेजारीच शोधून काढीत. पुढे २००८ साली केरळ सरकारने या विषयावर आपले धोरण जाहीर केले आणि घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम ग्रामपंचायतींशी जोडले गेले.

त्या गावकऱ्यांनी इमारत बांधली नाही आणि धनिकाची वाटही पाहिली नाही. आठवड्यातील दोन तास आणि थोडी वर्गणी एवढ्यावर त्यांनी प्रारंभ केला. आपल्याकडे तर विहार आहे, महिला मंडळ आहे, आणि आठवड्यास एकत्र येण्याची सवयही आहे.

आपण काय करावे?

म्हणून माझी सूचना अशी आहे.

पहिले काम यादीचे. येत्या रविवारी वंदना आटोपल्यावर दोघांनी वही घेऊन वस्तीत फिरावे आणि कोणते वृद्ध घराबाहेर पडू शकत नाहीत, ते कोणाजवळ राहतात, दिवसातील किती वेळ एकटे असतात, हे लिहून काढावे. जात, धर्म, पक्ष पाहू नये. शेजारच्या गल्लीतील म्हातारा आपल्या विहारात येत नाही, म्हणून त्याचे नाव गाळणे म्हणजे आपण ज्या शिवाशिवीतून बाहेर पडलो तिला मागील दाराने घरात घेणे होय.

दुसरे काम जोडीचे. प्रत्येक वृद्धामागे दोन माणसे नेमावीत. वार आणि वेळ ठरवावी आणि ती मोडू नये. वाट पाहण्यास एक दिवस असणे, हेच एकाकी माणसाला मोठे औषध असते. न सांगता दिवस चुकविला तर त्याला पहिल्यापेक्षा अधिक दुःख होते. म्हणून जमेल तेवढेच कबूल करावे.

घरात गेल्यावर आधी परवानगी विचारावी. उभ्याने बोलू नये. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. वयाने मोठ्या माणसास त्याच्या घरी जो मान देतात, तो द्यावा. रस्त्याने त्यांना आई, बाबा, आजी, तात्या म्हणून हाक मारीत असाल, तर बाजेवर पडल्यामुळे ती हाक बदलू नये. आपले सांगण्यापूर्वी त्यांचे ऐकावे. मग सहज नजर टाकावी: पाणी हाताशी आहे काय, शौचालयाच्या वाटेवर रात्री दिवा असतो काय, मोरी निसरडी आहे काय, चष्मा फुटलेला तर नाही, गोळ्या ठरल्याप्रमाणे संपत आहेत काय. जो अंथरुणास खिळला आहे त्याचे माकडहाड, कंबर व टाचा लाल झाल्या आहेत काय, हे घरच्यांना पाहण्यास सांगावे आणि दर दोन तासांनी कूस बदलावी. नाहीतर शय्याव्रण होतात आणि ते भरून येणे कठीण असते.

रोग्याजवळ राहणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, तेही महावग्गात सांगितले आहे. औषध तयार करता येणे, काय द्यावे व काय देऊ नये हे कळणे, लाभाच्या इच्छेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे, आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याचे मन प्रसन्न करणे, हे ते पाच गुण. ज्यांच्या पूर्वजांना समाजाने घाण उपसावयास लाविले आणि त्याबद्दल अपवित्रही ठरविले, त्या आपल्याला यातील चौथ्या गुणाचा अर्थ वेगळ्याने सांगावयास नको. माणसाच्या शरीराची घाण साफ करण्यात कमीपणा नाही. ती जन्माच्या नावाने दुसऱ्यावर लादण्यात होता.

पैशांच्या बाबतीत मात्र पथ्य पाळावे. भेटीस जाणाऱ्याने वृद्धाचे बँकेचे पुस्तक आपल्याजवळ ठेवू नये आणि कोणत्याही कागदावर अंगठा घेऊ नये. काही व्यवहार करावा लागला तर दोघांनी मिळून करावा आणि वहीत लिहावा. घरात ऐकलेली गोष्ट पाणवठ्यावर सांगू नये.

आणि घरातील सुनेला विसरू नका. “सेवा करा” असे आपण व्यासपीठावरून म्हणतो आणि ती सेवा घरी एकट्या सुनेच्या अथवा अविवाहित मुलीच्या गळ्यात पडते. ती रात्री चारदा उठते, दिवसा मजुरीस जाते, आणि एक दिवस तिच्या तोंडून कठोर शब्द गेला की आपण तिला दोष देतो. ज्या दिवशी जोडी भेटीस जाईल, ते दोन तास तिचे असावेत. तिने झोपावे, बाजारात जावे, मैत्रिणीकडे जावे. आणि मुलांनीही आईचे लुगडे धुवावयास, बापाला अंघोळ घालावयास शिकावे. स्त्री-पुरुष समता भाषणात ज्यांना मान्य आहे, त्यांची परीक्षा येथे आहे.

दया नव्हे, हक्क

एवढे करूनही आपले कर्तव्य पुरे होत नाही. वृद्धांना मदत मिळणे हा त्यांचा हक्क आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावी, असे निर्देशिले आहे. जो हक्क कागदावर आहे तो बाजेपर्यंत पोहोचविणे, हे भेटीस जाणाऱ्या जोडीचे अर्धे काम आहे.

महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला यांपायी कित्येकांचे वेतन अडते, कारण धावपळ करावयास माणूस नसतो. जन्मभर विटा उचलून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. अशा वेळी हात हलवीत परत येऊ नका. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून घेण्याची मागणी करा. ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले आहे. २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जावे अशी योजना आहे. उपकेंद्रात जाऊन त्याबद्दल विचारा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षास कुटुंबामागे ५ लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले आहे.

मुले सक्षम असूनही पोसत नसतील, तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्या अधिनियमात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याची तरतूद आहे. ज्याच्यावर वृद्धाच्या देखभालीची जबाबदारी आहे, त्याने त्यास टाकून दिले तर तो गुन्हा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे घर करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. म्हणून ती अट कागदावर लिहून घेतल्याखेरीज अंगठा देऊ नये. अडचणीत सापडलेल्या वृद्धासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

आणखी एक गोष्ट पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती. त्यासाठी १२-ड हा अर्ज वेळेत भरून द्यावा लागे. एका मतासाठी अधिकारी पेटी घेऊन म्हातारीच्या बाजेपाशी गेले, कारण तिचे मत इतर कोणाच्याही मताइतकेच मोलाचे आहे, असे आपले संविधान मानते. शासन एका मतासाठी जर तिच्या घरी जाऊ शकते, तर आपण तिच्या शेजारी राहून तिच्यासाठी जाऊ शकत नाही काय?

जिवंतपणीची सेवा

शेवटी एवढेच. दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी त्यांत एक प्रतिज्ञा आहे. ती आपण पाळतो याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो योग्य आहे. परंतु त्या प्रतिज्ञेची दुसरी बाजू आपल्या ध्यानात आली आहे काय? आईबाप गेल्यावर कावळ्याला घास घालून जे सुटल्यासारखे मानतात, त्यांना निदान तशी एक समजूत आहे. आपण ती समजूत टाकून दिली. आपल्याजवळ मागाहून फेडण्याचा मार्ग राहिलेला नाही. जे काही करावयाचे ते त्यांच्या जिवंतपणीच करावयाचे आहे. एका खांद्यावर आई व दुसऱ्या खांद्यावर बाप घेऊन शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. आपल्याला कोणी शंभर वर्षे वाहावयास सांगत नाही. आठवड्यातील दोन तास मागितले आहेत.

घरी गेल्यावर आज रात्री आपल्या घरातील वृद्धाजवळ बसा आणि दिवस कसा गेला ते विचारा. रविवारी यादीची वही घेऊन विहारात या. तुझी शुश्रूषा कोण करतो, या प्रश्नाला आपल्या वस्तीतील एकाही म्हाताऱ्या माणसास “कोणीही करीत नाही” असे उत्तर द्यावे लागणार नाही, अशी व्यवस्था पुढील पौर्णिमेपूर्वी उभी करा.

जयभीम.